मधुमेह आणि आपली त्वचा

आमच्या शाळेंत येणाऱ्या मुलामुलींपैकीं कांहींच्या मानेच्या मागील बाजूस एक काळसर पट्टी दिसते. ती मळाची पट्टी आहे असें समजून कित्येक माता मुलांस न्हाऊं घालतांना ती जागा वज्रीनें किंवा खरखरीत दगडानें घासतात, आणि ती निघत नाहीं म्हणून मुलांवर रागावतात. मळ असता तर तो साबणानें गेला असता. ही जागा हातास मखमलीसारखी जाड लागते, आणि तसाच काळेपणा काखेंत व जांघेंतही आढळतो. रक्तांतील साखर शरीराच्या उपयोगास लावणारा इन्सुलिन नांवाचा जो रस आहे, त्याचें काम नीट होईनासें झालें म्हणजे शरीर तो रस अधिकाधिक निर्माण करूं लागतें, आणि त्याच्या आधिक्यामुळें त्वचेच्या पेशी दाट वाढतात. मानेवरील काळेपणा ही बहुधा त्याची खूण असते. अशा प्रत्येक मुलास मधुमेह आहे असें मुळींच समजूं नये. परंतु ज्याच्या मानेवर ही खूण आहे, विशेषतः ज्याचें वजन वाढलें आहे किंवा ज्याच्या मातापित्यांपैकीं कोणास मधुमेह आहे, त्याचें रक्त एकदां तपासून घ्यावें, आणि दगड बाजूस ठेवावा.

मधुमेह हा नागपूर-मुंबईकडील बसून खाणाऱ्या श्रीमंतांचा रोग, आपण जंगलांतलीं माणसें, आपणांस तो कोठून होणार, असें बोलणें आलापल्लीच्या बाजारांत अजून ऐकूं येतें. आपल्या देशांतील सर्व राज्यांतून केलेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोकांस मधुमेह असून आणखी सुमारें १३ कोटि ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असें दिसून आलें. इतके लोक श्रीमंत कसे असतील? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं अनेक वर्षांच्या संशोधनानें असें दाखविलें आहे कीं, आपल्याकडील मनुष्य दिसावयास कृश असला तरी त्याच्या अंगांत चरबीचें प्रमाण युरोपांतील मनुष्याच्या मानानें अधिक असूं शकतें; आणि आईच्या पोटांत असतां ज्या बालकाचें पोषण अपुरें झालें, त्यास पुढें हा रोग होण्याचा संभव वाढतो. तेव्हां कृश अंगाचा भरंवसा धरण्यांत अर्थ नाहीं.

या रोगाचा आणि त्वचेचा संबंध आपल्या देशांतील जुन्या वैद्यांस चांगला ठाऊक होता. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धांवतात, हें त्यांनीं पाहिलें होतें, आणि मधुमेह हें नांवच त्यावरून पडलें. पण त्याहून अधिक सूक्ष्म असें त्यांचें निरीक्षण म्हणजे प्रमेहपिडकांचें. प्रमेह जुना झाला कीं अंगावर निरनिराळ्या आकारांचीं गळवें उठतात, असें सांगून चरकसंहितेंत त्यांचे सात प्रकार दिले आहेत, व सुश्रुतसंहितेंत दहा. मातीच्या परळासारखी कडा उंच व मध्यें खोल ती शराविका, कासवाच्या पाठीसारखी ती कच्छपिका, मोहरीएवढी ती सर्षपिका. रक्तांतील साखर मोजण्याचें कोणतेंही साधन हातीं नसतां केवळ डोळ्यांनीं आणि बोटांनीं रोगाचें हें अंग त्यांनीं ओळखलें, हें लहानसहान कौतुक नव्हे.

आतां असें कां होतें, तें पाहूं. मोठ्या मनुष्याची त्वचा पसरली असतां दीड ते दोन चौरस मीटर भरेल. एवढ्या सर्व विस्तारास केसांहूनही बारीक अशा रक्तवाहिन्या अन्न पोंचवितात, मज्जातंतू तिला संवेदना देतात, घर्मग्रंथि तिला ओलसर ठेवितात, आणि रक्तांतील पांढऱ्या पेशी तिच्या दारावर पहारा करितात. रक्तांत साखर वर्षानुवर्षें अधिक राहिली म्हणजे या चारही व्यवस्था बिघडतात. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. मज्जातंतू झिजतात, आणि ज्या तंतूंच्या हुकमानें घाम सुटतो तेही झिजल्यामुळें पायांचा घाम बंद होऊन त्वचा कोरडी पडते व टांचांस भेगा जातात. पांढऱ्या पेशी मंद होतात, म्हणून साधी पुळी पिकते व पसरते. शिवाय जास्तीची साखर लघवीवाटे जातांना शरीरांतील पाणीही ओढून नेते, त्यामुळें सर्वांगास रुक्षता येते व खाज सुटते.

मधुमेह झालेल्या मनुष्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश मनुष्यांस केव्हां ना केव्हां त्वचेचा कांहीं तरी विकार होतो, असें वैद्य सांगतात. कित्येकांस तर त्वचेच्या विकारावरूनच मधुमेहाचा प्रथम पत्ता लागतो. एक गळूं बरें होतें तों दुसरें येतें. पापणीवर रांजणवाडी वरचेवर होते. गजकर्ण औषधानें जातें आणि महिन्याभरांत पुन्हां दिसतें. पाठीवर किंवा मानेवर काळपुळी होऊन तिला चाळणीसारखीं अनेक तोंडें पडतात. पावसाळ्यांत रोवणीच्या वेळीं दिवसभर चिखलांत उभें राहिल्यानें बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, हें आपल्याकडे कोणास नवें नाहीं. परंतु शेजारणीच्या चिखल्या आठ दिवसांत सुकल्या आणि आपल्या दिवाळीपर्यंत राहिल्या, असें झालें तर तो केवळ चिखलाचा दोष नव्हे. बुरशीच्या जातीच्या जंतूंस साखर व ओल दोन्ही मानवतात. गुप्त जागीं सुटणारी व वारंवार येणारी खाजही याच जातीची असते. स्त्रिया लाजेनें ती कोणास सांगत नाहींत, पुरुष तर त्याहून नाहीं, आणि तेवढ्यांत रोगाचीं दोन-तीन वर्षें निघून जातात. लाजेपायीं जितके मधुमेह लपून राहिले असतील तितके दुसऱ्या कशानेंही राहिले नसतील, असा आमचा समज आहे.

येथें एक गोष्ट थोडी रागानें लिहावी लागते. गजकर्णावर दुकानांत विचारून मिळणारीं कित्येक मलमें स्टेरॉइड नांवाच्या द्रव्यानें युक्त असतात. तीं लावतांच खाज थांबते, लाली जाते, आणि मनुष्य दुकानदारास दुवा देतो. वस्तुतः बुरशी मरत नाहीं; ती त्वचेखालीं पसरते, आणि मलम बंद केलें कीं पूर्वीपेक्षां मोठें वर्तुळ उठतें. अशा रीतीनें बिघडलेल्या गजकर्णाचे रोगी आज देशभर झाले आहेत. ज्याच्या रक्तांत साखर आहे त्यानें तर असलें मलम वैद्याच्या सांगण्यावांचून हातांतही घेऊं नये.

दुसरीं कांहीं चिन्हें निरुपद्रवी असून केवळ सूचक आहेत. नडगीवर तपकिरी, किंचित् खोलगट असे वाटोळे डाग पडतात. ते दुखत नाहींत आणि त्यांस औषधही लागत नाहीं. कोणाच्या हातांची कातडी मेणासारखी ताठ होते, कारण साखर त्वचेंतील तंतूंस चिकटून त्यांचा लवचिकपणा नाहींसा करिते. असा मनुष्य नमस्कारासाठीं किंवा प्रार्थनेसाठीं हात जोडूं लागला तर त्याचे तळवे एकमेकांस पूर्णपणें टेकत नाहींत, मध्यें पोकळी राहते. वैद्यकांत या खुणेस प्रार्थनेचीच खूण म्हणतात. ज्यांस रोज इन्सुलिन टोंचून घ्यावें लागतें, त्यांत शाळकरी मुलेंही असतात, त्यांनीं एकाच जागीं सुई टोंचूं नये. तेथें चरबीची गांठ होते, ती दुखत नाहीं म्हणून मुलास तीच जागा आवडूं लागते, आणि गांठींतून औषध रक्तांत नीट शिरत नाहीं.

येथवर सांगितलेलें सर्व डोळ्यांस दिसणारें आहे. परंतु मधुमेहानें त्वचेची जी खरी हानि होते ती दिसत नाहीं. ती म्हणजे बधिरता. प्रथम रात्रीं पायांस मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, सुया टोंचल्यासारखें वाटतें. पुढें हें सर्व थांबतें, आणि रोग्यास वाटतें कीं आपण बरे झालों! प्रत्यक्षांत त्या वेळीं तंतू मरूं लागलेले असतात. दोन्ही पायांच्या बोटांपासून आरंभ होऊन बधिरता वर चढते, जणूं पायांत मोजे घातले आहेत. चालतां चालतां चप्पल पायांतून निसटून मागें राहते आणि मनुष्य तसाच दहा पावलें पुढें जातो, ही आपल्याकडील फार ओळखीची खूण आहे. आजोबा असें करूं लागले तर मुलें हंसतात; त्यांनीं हंसूं नये, घरांत सांगावें.

बधिर त्वचा म्हणजे काय, हें चंद्रपूर-गडचिरोलीच्या लोकांस वेगळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. वरोऱ्यास बाबा आमट्यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापिली, तेथील आनंदवनाचें नांव सर्वांस ठाऊक आहे. त्याच समितीचा लोकबिरादरी प्रकल्प आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर हेमलकसा येथें १९७३ पासून चालू आहे. कुष्ठरोगाचे नवे रुग्ण या दोन्ही जिल्ह्यांत अजूनही आढळतात. पूर्वीं सर्वांची अशी समजूत होती कीं, कुष्ठरोग्याचीं बोटें रोगानेंच कुजून गळून पडतात. ही समजूत ज्यांनीं खोडून काढिली ते डॉ. पॉल ब्रँड हे तामिळनाडूंतील कोल्ली डोंगरावर १९१४ सालीं एका मिशनरी दंपतीच्या पोटीं जन्मले, आणि १९४६ सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शस्त्रवैद्य म्हणून आले. त्यांनीं रोग्यांच्या प्रत्येक जखमेचा माग काढिला. कोणी चुलीवरचें भांडें उघड्या हातानें उतरविलें होतें, कोणी खिळा टोंचलेल्या पायानें दिवसभर चालला होता, कोणाचीं बोटें रात्रीं झोंपेंत उंदरांनीं कुरतडलीं होतीं आणि त्यास जाग आली नव्हती. यावर रुग्णांनीं घरीं जातांना एकेक मांजर बरोबर न्यावें, अशी योजना करण्यांत आली! मांस रोगट नव्हतें. तें दुखत नव्हतें, इतकेंच. विश्रांति व संरक्षण मिळतांच त्या जखमा इतरांच्या जखमांप्रमाणेंच भरून येत. पुढें १९६६ सालीं ब्रँडसाहेब अमेरिकेंत कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयांत गेले, आणि तेथें त्यांच्या लक्षांत आलें कीं मधुमेही मनुष्याच्या तळपायावर होणारें छिद्र आणि कुष्ठरोग्याच्या तळपायावरील छिद्र यांची उत्पत्ति एकच आहे. वेल्लोरच्या कुष्ठरुग्णांपासून शिकलेली ही गोष्ट आज जगांतील मधुमेह्यांचे पाय वांचवीत आहे.

तें छिद्र असें पडतें. अंगठ्याच्या मुळाशीं, जेथें चालतांना सर्व भार येतो, तेथें कातडी जाड होऊन घट्टा पडतो. निरोगी मनुष्यास तो बोचतो, म्हणून तो नकळत पाय तिरका टाकितो, बसतो, जोडा बदलतो. बधिर पायाचा मनुष्य त्याच जागेवर हजारों वेळां पाऊल टाकितो. घट्ट्याखालीं रक्त सांकळतें, मग पू होतो, आणि एके दिवशीं मोज्यास किंवा सतरंजीस डाग लागला म्हणजे घरच्यांस समजतें. त्यांतच रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर बोट काळें पडतें, आणि कधीं बोट तर कधीं पायच कापावा लागतो.

दोन्ही रोगांत बधिरता असली तरी त्यांची गल्लत करूं नये. कुष्ठरोगांत बहुधा अंगावर कोठें तरी फिकट किंवा लालसर चट्टा असतो आणि त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाहीं. मधुमेहांत चट्टा नसतो, दोन्ही पाय सारखेच बधिर होत जातात. चट्टा दिसल्यास सरकारी दवाखान्यांत दाखवावा. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८२ पासून पुरस्कारिलेल्या बहुविध औषधोपचारानें कुष्ठरोग सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण बरा होतो, आणि औषध फुकट मिळतें. हें येथें मुद्दाम लिहिण्याचें कारण असें कीं, पायावरील न भरणारी जखम पाहून शेजारीं कुजबुज होईल या भयानें मधुमेहाचा रोगीही ती धोतराखालीं किंवा लुगड्याखालीं लपवितो. या लपवालपवींत पाय जातो.

आमच्या या वनप्रदेशांतील जीवनक्रम बधिर पायांस फार कठीण आहे. उन्हाळ्यांत तेंदूपानें तोडावयास तापलेल्या जमिनीवरून चालणें, मोह वेंचणें, पावसाळ्यांत बांधींत राबणें, बांबूचीं धसकटें, बाभळीचे कांटे, हिंवाळ्यांत पहांटे शेकोटीजवळ पाय पसरून बसणें, हें सर्व ज्याच्या पायांस जाणीव आहे त्याच्यासाठीं ठीक. बधिर पाय शेकोटीजवळ भाजतो आणि वास येईपर्यंत धन्यास पत्ता लागत नाहीं. घरगुती उपायांतही तोच धोका आहे. गरम विटेनें किंवा कढत पाण्यानें शेक देऊं नये. पाण्याचा ऊनपणा दुसऱ्याच्या हाताच्या कोपरानें पाहावा, रोग्याच्या पायानें नव्हे. भेगांस व दुखण्यास बिब्बा लावण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. बिब्ब्याचें तेल धडधाकट कातडीवरही फोड उठविते. बधिर कातडीवर तें खोल व्रण करितें. कुरूप ब्लेडनें कापूं नये. भेगांसाठीं खोबऱ्याचें किंवा मोहाच्या बियांचें तेल उत्तम आहे, मात्र बोटांच्या बेचक्यांत तें लावूं नये. बेचकें कोरडींच हवींत. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानें अंग धुण्यास आमची ना नाहीं, परंतु निंबाचा रस पितों म्हणून डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्या सोडून देणाऱ्यांस आम्हीं पाहिलें आहे, आणि त्याचा परिणामही पाहिला आहे.

रक्ताची तपासणी सोपी आहे. उपाशीपोटीं घेतलेल्या रक्तांत दर १०० मिलिलिटरमागें साखर १०० मिलिग्रॅमच्या आंत असावी. ती १२६ किंवा अधिक असून पुन्हां केलेल्या तपासणींतही तशीच आढळली तर मधुमेह समजतात. तीस वर्षांवरील मनुष्यांची ही तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रांतून विनामूल्य होते. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारी दुसरी एक तपासणी आहे, परंतु तिजविषयीं आमच्या भागांतील पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. येथील पुष्कळ घरांत सिकलसेल हा रक्ताचा विकार आहे. त्यांत तांबड्या पेशी अल्पायुषी होतात, आणि ही सरासरी त्या पेशींवरूनच काढितात. म्हणून साखर अधिक असूनही आंकडा कमी दिसूं शकतो. घरांत सिकलसेल असेल तर तसें डॉक्टरांस आधीं सांगावें. त्या विकारांत घोट्याजवळ चिवट व्रण होतात, तेही मधुमेहाच्या व्रणांहून निराळे.

आतां राहिलें मुलांचें काम. ज्या घरीं आजीस किंवा आजोबांस मधुमेह आहे, त्या घरच्या विद्यार्थ्यानें रोज दिवेलागणीला त्यांचे पाय पाहावे. वृद्धांस वांकवत नाहीं आणि तळवा त्यांस दिसत नाहीं. आरसा धरला तरी अंधुक नजरेस त्यांत कांहीं उमगत नाहीं. मुलांचे डोळे तीक्ष्ण असतात. पाय साध्या पाण्यानें धुवून मऊ फडक्यानें पुसावे, प्रत्येक बेचकें उघडून पाहावें, तळव्यावरून हात फिरवून कोठें ऊन लागतें कीं काय तें पाहावें, कारण आंतील जखमेची पहिली खूण लालीपेक्षां उष्णता हीच असते. आजोबांनीं डोळे मिटावे आणि आपण बोटाच्या टोंकानें पायाच्या एकेका बोटास हलकाच स्पर्श करून कोणत्या बोटास केला तें विचारावें. दवाखान्यांत याच कामासाठीं नायलॉनचा एक तंतू असतो. दहा ग्रॅम भार पडतांच तो वांकतो, आणि तेवढा भारही ज्यास कळत नाहीं तो पाय धोक्यांत आहे असें ठरवितात. सकाळीं चप्पल किंवा जोडा देण्यापूर्वीं त्यांत हात घालून खडा, कांटा, खिळ्याचें टोंक नाहीं ना, तें चांचपावें. घरांतही त्यांस अनवाणी चालूं देऊं नये. आणि फोड, चीर, काळा ठिपका, सूज, दुर्गंधि यांपैकीं कांहीं आढळल्यास त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें. आजोबा म्हणतील कीं कांहीं दुखत नाहीं, बाजाराच्या दिवशीं जाऊं, तरी बाजाराच्या दिवसाची वाट पाहूं नये.